गाडी चालवणारीला मांडी नसते

आमच्याकडे प्रवासाला निघालेली माणसे मोजण्याची एक ठरलेली रीत आहे. "किती जण आहात?" असे कुणी विचारले की उत्तर येते, "पाच जण, नि मांडीवरची दोन." मांडीवरची वेगळी सांगायची असतात; माणसांत धरायची नसतात. एसटीत, रिक्षात, वऱ्हाडाच्या गाडीत हाच हिशेब चालतो. माझे माहेर संगमेश्वराकडचे, सासर रत्नागिरी शहरातले. दोन्हीकडच्या बोलण्याचे हेल वेगळे, माशाच्या कालवणाची चव वेगळी, पण या एका हिशेबावर दोन्ही घरांचे एकमत आहे. मीही लहानपणी मांडीवरचीच होते. कितीतरी वर्षे मला प्रवासी म्हणून कुणी मोजले नाही आणि त्याचे मला काही वाटलेही नाही. वाटायला लागले ते गेल्या उन्हाळ्यात, तीन मुलांसाठी जुनी गाडी शोधायला निघाले तेव्हा.

गाडी का हवी होती, ते आधी सांगते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. हायवेवर संगमेश्वरच्या बाजूला फळांवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखपदासाठी माझी निवड झाली. हे पद मला मिळावे यासाठी मी मुले झाल्यानंतरही वाचन सोडले नव्हते, आणि जुळी झोपलेली असताना परिषदांसाठी शोधनिबंध लिहिले होते. कारखान्याच्या आवारात पाळणाघर होते, तिथे माझे दीड वर्षाचे जुळे मुलगे राहू शकत होते. पाच वर्षांच्या मुलीला वाटेवरच, हातखंब्याजवळच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनीअर. निम्मे वर्ष तो पाण्यावर असतो. सासूबाईंचे गुडघे दोन्ही दिशांना एकाच वेळी पळणाऱ्या जुळ्यांमागे धावण्याच्या स्थितीत नव्हते, हे त्यांनीच मान्य केले होते. म्हणजे रोज सकाळी मी एकटीने गाडी चालवणार, बरोबर तिन्ही मुले, आणि वाटेत निवळीचा घाट. जूनमध्ये शाळा उघडताना रुजू व्हायचे होते. तोवर योग्य गाडी मिळाली नाही तर ते पद दुसऱ्या कुणाकडे जाणार होते. मुदतीत रुजू न झाल्यास निवड रद्द, असे पत्रातच स्पष्ट लिहिले होते.

घरची छोटी गाडी याला पुरत नव्हती. तिच्या मागच्या बाकावर मुलांच्या दोन सीट कशाबशा मावत. तिसरीला जागा उरत नसे. पाच वर्षांच्या मुलीला पुढे, एअरबॅगच्या तोंडासमोर बसवणे मला मान्य नव्हते. नवीन मोठी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची होती. राहिली ती वापरलेली. प्रश्न साधा होता: मुलांच्या तीन सीट, प्रत्येक पक्की बांधलेली, आणि तिघांपर्यंत मला एकटीला पोचता आले पाहिजे. मला तर हा प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्रश्नासारखाच सुटण्याजोगा वाटला होता.

हातखंब्याच्या तिठ्याजवळ जुन्या गाड्यांचा एक तळ आहे. तिथे सासरे माझ्याबरोबर आले, कारण घरातली प्रत्येक मोठी वस्तू त्यांच्या नजरेखालून जाते. तळाचा मालक सगळी उत्तरे सासऱ्यांकडे बघून देत असे, प्रश्न मी विचारला असला तरी.

"काका, फॅमिली केवढी?"

"पाच जण," सासरे म्हणाले, "नि मांडीवरची दोन."

"सात," मी म्हणाले.

"सात कशी वहिनी? मांडीवरची कशाला धरता?" मालक हसला. "सात धरलीत तर उगाच मोठी गाडी गळ्यात पडेल तुमच्या. मी माझं नुकसान करून सांगतोय, बघा."

मी आमच्या छोट्या गाडीतून मुलांच्या सीट बाहेर काढल्या. दोन जुळ्यांच्या, एक मुलीची. त्या जांभ्या दगडाच्या आवारात ओळीने मांडल्यावर बाजूच्या चहाच्या टपरीवरची दोन-तीन माणसे उठून बघायला आली.

"वहिनी खुर्च्या घेऊन आल्यात!" मालक ओरडला. "अहो, आमच्याकडे बसायला खुर्च्या हायत!"

सगळे हसले. सासरेही हसले, पण त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती. मी टेप काढली.

पहिली गाडी उंच, रुबाबदार, पाच जणांची. बाहेरून पाहिले तर हत्तीण, आत मागचा बाक मात्र दोन माणसांच्या सोयीने कोरलेला. मधली जागा उंचवट्याची, आणि तिथला पट्टा फक्त कमरेचा. दोन्ही बाजूंच्या सीट बसवल्यावर पट्ट्यांची कुलपे त्यांच्या खाली गडप झाली. मालकाने तिसरी सीट स्वतःच्या हाताने मध्ये कोंबली आणि दार खांद्याने ढकलून लावले.

"बसली की नाय?"

"दार लागलं म्हणून बसली," मी म्हणाले. "दार उघडलं की ती बाहेर येईल. पट्ट्याने धरलेली नाही, दाराने धरलेली आहे."

"दार कशाला उघडायचं, वहिनी?"

दुसरी गाडी सात जणांची, तीन ओळींची, मध्ये लांब बाक. ही सासऱ्यांच्या मनात भरली. मालकाला ते समजले. "काका, सात सीटर हा नुसता कागदावर. मागच्या गणपतीला हिच्यातून बारा माणसं आणलीत एकानं. मांडीवरची सोडून!"

सासऱ्यांचे डोळे चमकले. गणपती आणि शिमगा ही आमच्याकडच्या गाडीची खरी परीक्षा. मुंबईची मंडळी स्टेशनावर उतरली की कुणाच्या गाडीत किती मावली, याच्या गोष्टी पुढच्या सणापर्यंत सांगितल्या जातात. मला मात्र बारा नको होती. मला सात हवी होती, पण सातही खरी.

मधल्या बाकावर जुळ्यांच्या सीट बसल्या. तिसरी तिथे मावली नाही, म्हणून मुलीला तिसऱ्या ओळीत बसवावे लागणार. तिसऱ्या ओळीत जायचे तर मधला बाक दुमडावा लागतो. त्यावर मुलांच्या सीट बांधल्या की तो दुमडत नाही. हे मी मालकाला दाखवले.

"मग मागून डिकीतून चढवा की तिला. पोर काय ती, टुणकन उडी मारेल."

"आणि घाटात कुणी मागून धडक दिली, तर ती बाहेर कुठून येईल?"

मी तिसऱ्या ओळीतला पट्टा शेवटापर्यंत ओढून काढला. जुन्या गाडीत मी हे आवर्जून करते, कारण पट्ट्याचे शेवटचे टोक रोजच्या वापरात बाहेर येत नाही आणि गाडीचा इतिहास तिथेच जपलेला असतो. त्या टोकाला गाळाचा बारीक, वाळलेला थर होता.

"धूळ हो ती," मालक म्हणाला. "हायवेचं काम चालू हाय, धूळ उडणारच."

"आपल्याकडची धूळ तांबडी असते," मी म्हणाले. "ही राखाडी आहे. ही गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली आहे."

हे मी मालकाला पराभूत करण्यासाठी म्हटले नव्हते. मला फक्त निष्कर्ष सांगायचा होता. त्याने खांदे उडवले आणि गाडी अशीच आपल्याकडे आली, असे म्हणाला. ते खरेही असेल. मात्र त्यानंतर तो प्रथमच माझ्याकडे बघून बोलू लागला.

आवाराच्या कोपऱ्यात, फणसाच्या झाडाखाली पानांनी झाकलेली एक तिसरी गाडी होती. ती त्याने दाखवलीच नव्हती. मी विचारल्यावर त्याने हात झटकला.

"ती नाय चालत इकडे. मधली सीट खाल्लीन कंपनीने. बाक नाय, नुसत्या दोन खुर्च्या, नि मधे वाट. एक माणूस फुकट जातं. कोण घेणार?"

मी आत गेले. मधल्या ओळीत दोन स्वतंत्र खुर्च्या होत्या आणि त्यांच्यामधून मागे जायला मोकळी वाट. दोन्ही खुर्च्यांच्या फटीत आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या, लोखंडी कड्या होत्या. जुळ्यांच्या सीट खटकन बसल्या आणि मी पूर्ण जोर लावून हलवल्या तरी हलल्या नाहीत. मागच्या ओळीत तिघांची जागा आणि खांद्यावरून येणारा पट्टा, मुलीच्या सीटला तोच लागतो. मी मधल्या वाटेने मागे गेले, तिथे बसले, आणि त्याच वाटेने बाहेर आले. पट्टे शेवटापर्यंत ओढले, स्वच्छ. गाडीखाली वाकून पाहिले. समुद्राकाठच्या गाड्यांना लागतो तेवढा गंज होता, पण वरवरचा.

मला माझी गाडी सापडली होती. ज्या भोकामुळे ती इथे कुणाला नको होती, त्या भोकातूनच मी माझ्या मुलीपर्यंत पोचणार होते.

"छ्या," सासरे गाडीत डोकावून म्हणाले. "मधे भोक हाय."

घरी आल्यावर विषय गाडीवरून मांडीवर गेला. सासूबाईंना सीटची कल्पनाच मुळात पसंत नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती एका परीने बदनामी होती.

"आम्ही काय पोरं पाडली मांडीवरनं? तुझा नवरा माझ्या मांडीवर बसून मंडणगडला आजोळी जायचा एसटीतून. एवढी वळणं, एवढे खड्डे. पडला कधी?"

"नाही पडला. पण एसटी कुठे आदळलीही नाही, आई."

"शुभ बोल गो जरा!"

मी आकडे सांगितले असते, तर ते त्यांनी ऐकले नसते. म्हणून प्रयोग करायचे ठरवले. मे महिना होता. परड्यातल्या फणसांपैकी एक साधारण आमच्या धाकट्या जुळ्याच्या वजनाचा निघाला. मी सासूबाईंना आमच्या छोट्या गाडीत पुढच्या सीटवर बसवले, त्यांचा पट्टा लावला, आणि फणस त्यांच्या मांडीवर दिला. "अगदी पोरासारखा धरा," मी म्हणाले. घरामागच्या मोकळ्या मैदानात गाडी हळू, माणूस पळेल इतक्याच वेगाने नेली आणि ब्रेक दाबला.

फणस त्यांच्या हातांतून सुटला, समोर आपटला आणि पायांशी पडला. गाडीभर गऱ्यांचा वास पसरला.

सासूबाई म्हणाल्या, "फणसाला हात नसतात."

"म्हणजे?"

"पोर आपल्याला धरून बसतं. गळ्यात हात घालतं. फणस कशाला धरील मला? नि तू मला न सांगता ब्रेक मारलास."

"अपघात सांगून होत नाही, आई."

"नि फणसाचे काटे टोचत होते. पोराला काटे असतात?"

प्रयोग यशस्वी झाला होता आणि निष्कर्ष फेटाळला गेला होता. मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण रात्रीच्या जेवणासाठी त्याच फणसाचे गरे काढत असताना त्यांनी त्यांचा खरा प्रस्ताव मांडला, आणि मग मला सगळे स्पष्ट दिसले.

"ड्रायव्हर ठेवू एक," त्या म्हणाल्या. "तू मागे बस दोघांना घेऊन. नायतर मी येते रोज, मी बसते मागे. नायतर पोरं मोठी होईस्तोवर थांब गो. दोन-तीन वर्षांत काय आभाळ कोसळतंय?"

त्या हे प्रेमाने बोलत होत्या. त्यांच्या गुडघ्यांनी रोजचा घाट काढणे अशक्य होते, आणि तरीही त्या येते म्हणत होत्या. यात खोटेपणा नव्हता. पण त्या तिन्ही वाक्यांत एक गोष्ट समान होती. मांडी हवी, म्हणजे मांडी घेऊन बसणारी बाई हवी, आणि ती मागे बसलेली हवी. मुले मांडीवर सुरक्षित असतात, हे सांगणारा प्रत्येक माणूस मला नकळत हेच सांगत होता की स्टिअरिंगमागची जागा माझी नाही. या हिशेबात मुले मोजली जात नव्हती, हे मला आधीच ठाऊक होते. मीही मोजली जात नव्हते. मी त्यात केवळ बसण्याची जागा होते.

"गाडी चालवणारीला मांडी नसते, आई," मी म्हणाले. "तिला हात असतात, पाय असतात, आणि डोळे रस्त्यावर असतात. मांडी नसते. म्हणून मला सीट हव्यात. आणि गाडी मीच चालवणार आहे."

"म्हणजे आमच्यावर भरवसा नाय."

"तुमच्यावर आहे. ब्रेकवर नाही."

सासरे मध्ये पडले, "ते सगळं खरं. पण गणपतीला काय करायचं? स्टेशनावरनं माणसं कशी आणायची? त्या भोकात बसवायची?"

"मी दोन खेपा करीन."

"दोन खेपा!" त्यांना ते एखाद्या अपमानासारखे लागले. "लोक काय म्हणतील? घरात सात सीटची गाडी, नि माणसं दोन खेपांत?"

"म्हणू देत. लोकांना वाट बघत उभं राहावं लागेल इतकंच. माझी मुलं सगळं वर्ष त्या गाडीत असणार आहेत, तुमची मंडळी वर्षातून दोनदा."

रविवारी नवऱ्याचा फोन आला. जहाजावरचा आवाज मध्येच तुटायचा, त्यामुळे आमच्या घरात फोनवर मुद्द्याचे बोलायची सवय आहे. मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "बाबांना एकदा नीट विचार ना."

"विचारलं. आता सांगतेय. गाडी माझ्या नावावर घेतेय, माझ्या पगारातून फेडणार आहे. तुझी ना असेल तर ती आताच सांग, रेंज आहे तोवर."

तो म्हणाला, "आई फणसाचं सांगत होती. खरंच तू फणस आपटलास?"

"खरंच."

"मग घे," तो म्हणाला. तो हसत होता की काळजीत होता, हे त्या तुटक्या आवाजावरून ओळखता आले नाही. त्याने होकार दिला नसता तरी मी घेणार होते. पण दिला, हेही मी लिहून ठेवते, कारण ते त्याच्या बाजूने सांगण्यासारखे आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच हातखंब्याला गेले. मालक टपरीवरून उठून आला. "वहिनी, काका नाय आले?"

"नाही. आता ती गाडी बाहेर काढा. फणसाखालची."

"अजून एकदा विचार करा. परत विकायला गेलात तर गिऱ्हाईक नाय मिळणार. मधली सीट नसलेली गाडी कोण घेतं इकडे?"

"मी घेतेय की."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी रुजू झाले. पहिल्या सकाळी निवळीच्या घाटात एका ट्रकने अचानक ब्रेक दाबला आणि मीही दाबला. काहीच घडले नाही. मागे तीन डोकी एकदम पुढे झाली आणि एकदम मागे गेली. थोरल्या जुळ्याला तो खेळ वाटला आणि तो "पुन्ना, पुन्ना" करू लागला. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबले. मग पुढे निघाले, कारण प्रयोगशाळेत माझी वाट बघणारी माणसे होती आणि पहिल्याच दिवशी उशीर मला परवडणार नव्हता.

गणपतीला मुंबईहून आतेसासूबाई आणि त्यांचे यजमान आले. बरोबर मुलगा, सून आणि नेहमीप्रमाणे ट्रंका, पिशव्या, पितळी समईचा खोका. मी सासूबाईंना पुढे बसवून तिन्ही मुलांसह स्टेशनावर गेले. आतेसासूबाईंनी गाडीचे दार उघडले, जुळ्यांना त्यांच्या सीटमध्ये बांधलेले पाहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"अगो, काय बांधून घातलंय पोरांना, कैदी असल्यासारखं! दे इकडे एकाला. मी घेते मांडीवर. दुसरा हिच्याकडे दे. म्हणजे त्या खुर्च्या काढून सगळे बसू. किती जण आहोत आपण?"

"नऊ," माझी मुलगी मागच्या ओळीतून म्हणाली.

"नऊ कसे गो बाय? हे दोघं मांडीवरचे, त्यांना नाय धरायचं."

"आमच्या गाडीत मांडी नाय," मुलगी म्हणाली.

आतेसासूबाईंनी आश्चर्याने सासूबाईंकडे पाहिले. सासूबाई समोर बघत बसल्या होत्या, पट्टा लावून, हात पर्सवर.

"नाय वन्सं, ह्या गाडीत नाय चालत तसलं," त्या म्हणाल्या. "सूनबाईंचा कायदा हाय. आमच्याकडे फणससुद्धा पट्टा लावून बसतो."

मला वाटते, त्यात टोमणा होता. पण वन्संना त्यांनी बाळ दिले नाही, एवढे मात्र खरे.

पहिल्या खेपेला आतेसासूबाई आणि त्यांचे यजमान मधल्या वाटेने वाकून मागे गेले आणि माझ्या मुलीशेजारी बसले. मुलगा आणि सून सामानासह स्टेशनाच्या पायरीवर उभी राहिली. "उगाच दोन खेपा," आतेसासूबाई घरापर्यंत सांगत होत्या. "पेट्रोल काय झाडाला लागतं? पूर्वी आम्ही किती जण यायचो एका गाडीतून…"

मी त्यांना घरी सोडले, गाडी वळवली आणि उरलेल्यांना आणायला पुन्हा स्टेशनाकडे निघाले.